अनुभव धागा: जुनी गाडी मिसिंग मारते तेव्हा

स्पार्क प्लग बदलून झाले, फिल्टर बदलून झाला, टाकीही साफ करून झाली, तरी गाडी पुन्हा तशीच झटके देते. या फेऱ्यातून गेलेल्यांनी इथे लिहावं, ही विनंती. नुसतं कुठला पार्ट बदलला ते नको. मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) कधी व्हायचं, थंड असताना की तापल्यावर, जागेवर की चढाला, पावसात की एरवीही, हे जरूर लिहा. माझ्या मते अर्धं निदान त्यातच असतं. सुरुवात मीच करतो.

पुणे, २०११ची पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवून देणारी स्वतंत्र कॉइल. सपाटीला अगदी सरळ चालायची. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मात्र धक्के, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागायचा. स्कॅनरने पी०३०२ कोड दिला, म्हणजे दुसरं सिलिंडर. दोनदा प्लग बदलले, फरक शून्य. शेवटी एका वयस्कर फिटरने एक पैशाचाही पार्ट न घेता दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर टाकली, कोड पुसला आणि म्हणाले, "जा, घाट चढून या." परत आलो तर कोड पी०३०३. दोष कॉइलसोबत सरकला होता. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि अशक्त कॉइल तिथेच कमी पडते, हे त्यांनी तेव्हा समजावलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं होतं, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपलेलं. नुसती कॉइल बदलली असती तर नवीही त्याच ऑइलात बसली असती.

गुहागर
आमची १९९८ची, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवाली (एकाच कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटतो तो). कोड वगैरे काही नाही. त्रास फक्त पावसाळ्यात, तोही सकाळी. ऊन पडलं की गाडी गुणी. रात्री अंगणातले दिवे घालवून बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि प्लगच्या वायरींवर बारीक फवारा मारला (हात लांब ठेवा, झटका जोरदार बसतो). एका वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या. वायरी बदलून बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. मग डिस्ट्रिब्युटरची कॅप उलटी करून पाहिली, तर आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. कॅपला गेलेला तडा कार्बनने भरला होता आणि करंट त्यावरून पळत होता. कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर नवे टाकले. त्यानंतरचे दोन्ही पावसाळे बिनबोभाट गेले.

नाशिक
सीएनजीवाल्यांनी माझं नीट वाचावं. गाडी सकाळी जागेवर थरथरायची, गॅसवरही आणि पेट्रोलवरही. दोन्हीवर होतंय म्हणजे गॅस किट निर्दोष, हे मला फार उशिरा सुचलं. तोवर किटवाल्याकडे चार खेपा झाल्या होत्या. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं: १६५, १६०, ८५, १६० पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तरी आकडा जवळपास तोच. पिस्टनच्या रिंग गेल्या असत्या तर ऑइलने तो वाढला असता. म्हणजे व्हॉल्व्ह. गॅसवर व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट झिजते, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह वर सरकत जातो, टॅपेटची फट (व्हॉल्व्ह पुरता मिटावा म्हणून ठेवलेली मोकळी जागा) संपते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. टॅपेट सेट केल्यावर १५० आलं. सीट अजून शाबूत होती म्हणून हेड उतरवावं लागलं नाही. आता टॅपेटची फट वेळच्या वेळी तपासून घेतो.

कोल्हापूर
थोडक्यात लिहितो. जागेवर अडखळायची, रेस केली की सरळ. इनटेक मॅनिफोल्डला जाणारा व्हॅक्यूमचा रबरी पाइप खालच्या अंगाने चिरला होता आणि तिथून जादा हवा आत शिरायची, वरून दिसतच नव्हता. वीतभर पाइपात काम झालं.

ठाणे
मी चूक केली ती इतर कुणी करू नये म्हणून लिहिते. दिवा लुकलुकत असताना मी तीन महिने ऑफिसला गाडी नेली, "वेळ मिळाला की दाखवू" म्हणत. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं. आतली जाळी वितळून सायलेन्सरची वाट तुंबली आणि पिकअपच गेला. मूळ दोष एका प्लगचा होता. दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवा. लुकलुकत असेल तर पाय हलका ठेवा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा.

सांगली
वडील पूर्वी इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढायचे. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, ते सिलिंडर बसलेलं. आताच्या कॉइलवर हा प्रयोग नको, कॉइल जाऊ शकते. म्हणून आम्ही इंजेक्टरचे (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचे) कनेक्टर एकेक काढतो. काल संध्याकाळी त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "एक बसलाय." पहिला काढला, इंजिन दबलं. दुसरा, तेच. तिसरा काढला, काहीच फरक नाही. कॉइल अदलाबदल करून झाली, दोष तिसऱ्यावरच राहिला. प्लग नवा आहे, कॉम्प्रेशन ठीक आहे. रविवारी तिसऱ्याचा इंजेक्टर पहिल्यावर टाकून बघणार आहोत. काय निघतं ते इथेच लिहीन.