ट्रॅप शिकायला आजोबांची दुनाळी पुरेल की नवी बंदूकच हवी?

धुऱ्यावरून
आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या अलीकडं. घरात आजोबांच्या वेळची बारा बोअरची दुनाळी आहे, शेजारी-शेजारी नळ्या, दोन चाप. परवाना पीक संरक्षणाचा, आता माझ्या नावावर. पुतणी सोळाची. उन्हाळ्यात तिला भोपाळच्या शूटिंग अकादमीत ट्रॅप दाखवायला नेलं आणि तिनं ध्यासच घेतला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उभं राहायच्या पाच जागा, समोर खंदकात पंधरा यंत्रं. आवाज दिला की ११० मिलिमीटरची तबकडी, म्हणजे क्ले, सुसाट निघते. डावीकडं जाईल की उजवीकडं, आधी कळत नाही. पंचवीस क्लेचा एक राउंड.

माझं मत स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षं तिनं घरच्या दुनाळीवरच शिकावं. ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्यांची बंदूक, घ्यायची तर काही लाख लागतात. तेवढ्यात माझ्या विहिरीचं खोलीकरण आणि चार एकराला ठिबक होतं. हात तयार झाला की हत्याराचं बघू. कोणाला वेगळं वाटत असेल तर कारणासकट सांगा.

पऱ्हाटी
बरोबर हाय भाऊ. आमच्या घरी अशीच दुनाळी होती. रोह्यायचा कळप वावरात आला का बाबा जागलीवरून हवेत बार काढे, अन् साऱ्या शिवाराले समजे. पोरीले कापूस निघाल्यावर रिकाम्या वावरात न्या. एकानं हातानं क्ले फेकाची, तिनं माराची. भोपाळले जाचं कामच काय?

संत्राबाग
पऱ्हाटीभाऊ, हे अजिबात करू नका. क्लेच्या काडतुसातले बारीक छर्रेसुद्धा दोनशे मीटरच्या आसपास जातात. आपल्याकडं वावराच्या दोन्ही बाजूंना पांदण असते, बाया निंदायला बसलेल्या असतात. शिवाय पीक संरक्षणाचा परवाना सरावासाठी नसतो. तो कुठल्या भागात चालतो तेही त्यावर लिहिलेलं असतं. जिल्ह्यापुरता असेल तर ती दुनाळी भोपाळलाही नेता येणार नाही.

त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. धुऱ्यावरून, तुमच्या बंदुकीचा चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा, किती लांब आहे ते बघितलंय का? जुन्या दुनाळ्यांमध्ये पुष्कळदा अडीच इंची चेंबर असतो. आजची काडतुसं बहुतेक पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची. ही लांबी उडवल्यानंतरची असते. त्यामुळं न उडवलेलं काडतूस जुन्या चेंबरात सहज बसतं, आणि फसगत तिथंच होते. तोंड उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो. मुलीचा गाल त्या नळीपासून वीतभर अंतरावर असणार आहे.

आठवं_स्टेशन
काका, मी नऊ वर्षं स्कीट, म्हणजे क्लेवर नेमबाजीचाच दुसरा प्रकार, खेळते आणि तुमच्या मताला माझा ठाम विरोध आहे. पैशाचं म्हणता ते खरं. पण शॉटगनला, म्हणजे छर्र्यांच्या बंदुकीला, रायफलसारखी मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, नसते. ती जागा तुमचा डोळा घेतो. गाल दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या भागावर, कुठं टेकतो आणि तिथून डोळा किती वर राहतो, यावर छर्रे कुठं जाणार ते ठरतं. जुन्या दुनाळीचा दस्ता मागं बराच उतरता असतो. गाल टेकवला की डोळा नळीमागं बुडतो, वर चढणारी क्ले दिसत नाही. गाल उचलला की बार क्लेच्या वरून जातो. मग मूल दोष स्वतःलाच देतं.

मी दिला होता. पहिले आठ महिने ओळखीच्या एका काकांची बंदूक वापरली. ते सहा फुटी, मी पाच फूट एक इंच. दर रविवारी उजव्या गालावर काळानिळा डाग घेऊन घरी यायची, आई हळद लावायची. पंचवीसात अकरा, फार तर बारा. मग प्रशिक्षकांनी बंदूकमालकाला विचारून दस्ता पाऊण इंच कापला आणि गालाखाली फोमची पट्टी चिकटवली. नळ्या त्याच, काडतुसं तीच २४ ग्रॅमची. दुसऱ्या महिन्यात अठरा लागल्या. पण धक्क्याच्या भीतीनं चाप ओढताना डोळे मिटायची जी सवय लागली होती, ती मोडायला वर्ष गेलं. ते वर्ष तुमच्या पुतणीचं जाऊ नये एवढंच म्हणणं.

आणि बंदूक निवडण्याआधी तिचा डोळा तपासा. दोन्ही पंजे पुढं धरून मधे लहानसं भोक ठेवायचं, त्यातून लांबच्या कडुलिंबाचा शेंडा बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला शेंडा दिसत राहतो तो मुख्य. बंदूक त्याच बाजूच्या खांद्याला असलेली बरी.

पऱ्हाटी
वावरातल्या सरावाचं संत्राबागभाऊचं पटलं, ते शब्द मी मागं घेतो. पण ताई, पैशाचं काय? बंदूक एकदाच घ्या लागते, काडतुसं दर रविवारी. सोयाबीनच्या भावात हे बसत नाही. पोट्टी दोन वर्षानं कॉलेजले गेली अन् खेळ सुटला तं? माह्या मतानं हा खेळ आपल्या घरचा नाही. धावणं हाय, कुस्ती हाय, त्यात घाला तिले.

आठवं_स्टेशन
दादा, ती सुरू करायच्या आधीच खेळ सुटेल असं कसं धरायचं? आणि लाखांची बंदूक घ्या असं मी म्हटलेलंच नाही. अकादमीची बंदूक वापरायला द्या, दस्ता तिच्या मापाचा करून घ्या. नावावर परवाना मिळायला तसाही तिला अवकाश आहे. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ साली मिश्र स्कीटमध्ये आपल्या महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं कांस्य ४४-४३ नं हुकलं. एक क्ले! या खेळात एवढ्या एकेका क्लेसाठी झगडावं लागतं. तिथं मापात न बसणारी बंदूक घेऊन मुलीला उभं करू नका.

धुऱ्यावरून
काल रात्री नळ्या उतरवून टॉर्चखाली पाहिल्या. बुडाशी तेलानं काळं पडलेलं होतं, फडक्यानं पुसल्यावर अडीच इंचाचा शिक्का दिसला. दुनाळी तिला देणार नाही, आणि आजोबांच्या बंदुकीबद्दल हे लिहिताना मला वाईट वाटतंय. नवी बंदूक घ्यायची नाही यावर मात्र मी ठाम आहे. अकादमीची चालेल.

डोळाही तपासला. चार वेळा केलं, चारही वेळा डावा. ती लिहिते, विळा धरते उजव्या हातानं. आता?

संत्राबाग
उजवाच खांदा ठेवा आणि चष्म्याच्या डाव्या काचेवर नखाएवढी धूसर पट्टी लावा. हात बदलायच्या भानगडीत पडू नका.

आठवं_स्टेशन
मी उलट सांगेन. पट्टी लावली की एका बाजूची क्ले उशिरा दिसते. सोळाव्या वर्षी खांदा बदलता येतो, तिशीत जड जातं. काडतुसं नंतर. आधी महिनाभर तिला घरी केरसुणी बंदुकीसारखी डाव्या खांद्याला लावून, गाल टेकवून, छताच्या कडेवरून नजर फिरवायला लावा. रोज पन्नास वेळा.