कमी जन्मवजनाचा परिणाम नातवंडांपर्यंत कसा पोहोचतो?

रानजाई:
आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी टिपण करते आहे. बाळ २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलं तर पहिल्या महिन्यात काय जपायचं, हे त्यांना पाठ आहे. पण त्यातलीच मुलगी पुढे आई झाली की काय? ‘आनुवंशिक’ म्हणून सोडून द्यायचं नाही. शरीरात नेमकं काय घडतं आणि साखळी कुठे तोडता येते?

दक्षिणवारा:
गरोदर बाईच्या पोटात मुलगी असेल तर तिथे तीन पिढ्या असतात, इथून सुरुवात करा. मुलीचा गर्भ साधारण २० आठवड्यांचा झाला की त्याच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. पुढे त्या कमीच होत जातात. म्हणजे नातवंडाचं बीज आजीच्या गरोदरपणातच तयार होतं आणि तेव्हाच्या उपासमारीची झळ त्यालाही लागू शकते.

पोषण तुटपुंजं असलं की गर्भ मेंदू आधी जपतो. मूत्रपिंड, स्वादुपिंड, स्नायू मागे पडतात. मूत्रपिंडातल्या गाळण्या ३६ आठवड्यांच्या सुमारास बनायच्या थांबतात. कमी गाळण्यांवर जन्मभर भार पडला की रक्तदाब चढतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही कमी आणि साखर वापरणारे स्नायूही कमी.

पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेला अभ्यास जरूर सांगा. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. तूट मुख्यतः स्नायू आणि पोटातल्या अवयवांत होती. त्वचेखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. म्हणून किडकिडीत बाळाला पुढे मधुमेह होणार नाही, असं धरू नये.

पाणवठा:
कमी वजनाच्या मुलीला पुढे गरोदरपणातला मधुमेह व्हायची शक्यता जास्त असते. आईची जादा साखर वारेतून बाळाला मिळते, त्याचं इन्सुलिन वाढतं, चरबी साठते. तिसऱ्या पिढीतलं बाळ चार किलोचं, गुटगुटीत जन्मतं आणि घरच्यांना वाटतं, आता सगळं सुधारलं. सुधारलेलं नसतं! म्हणून गरोदरपणातल्या पहिल्या तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर उपचार. पहिली चाचणी ठीक आली म्हणून दुसरी टाळली जाते, आणि मधुमेह निसटतो तो तिथेच.

शेवंती:
सगळं बीजपेशींवर ढकलू नका. आईची कमी उंची, कोवळ्या वयातलं लग्न, तीच गरिबी हेही लेकीकडे जातं आणि माणसांत प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे.

साखळी तोडायची ती गर्भ राहण्याआधी. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत बायकांना पालेभाज्या, फळं, दूध घातलेला खाऊ दिला होता. गर्भधारणेआधी तीन महिने तरी तो सुरू असलेल्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरलं. फार हडकुळ्या बायकांत मात्र हा फायदा दिसला नाही. म्हणून मुलगी शाळेत असल्यापासूनच तिच्या ताटाकडे बघा. दर आठवड्याची लोहाची गोळी (६० मिलीग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) चहासोबत नको, तासाभराचं अंतर ठेवायचं. गरोदरपणात कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर नको.

या गोळीत बी१२ जीवनसत्त्व नसतं. पुण्याच्या अभ्यासात ज्या आयांचं फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडचं जीवनसत्त्व) भरपूर आणि बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी जुमानत होतं. गोळी बंद करायची नाही. दूध, दही, अंडी, मासे वाढवायचे.

रानजाई:
आणि कमी वजनाचं बाळ झटपट गुटगुटीत करायचा घरच्यांचा आग्रह?

दक्षिणवारा:
सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरचं खाणं. पहिली दोन वर्षं वाढ चांगलीच व्हायला हवी, तिथे हात आखडू नका. धोका त्यानंतरचा आहे. दिल्लीतल्या २००४ च्या अहवालात, मोठेपणी साखर वाढलेली माणसं दोन वर्षांपर्यंत बारीक होती आणि पुढे बारा वर्षांपर्यंत उंचीच्या मानाने त्यांचं वजन वेगाने वाढत गेलं होतं. त्या वयात दर सहा महिन्यांनी वजनाबरोबर उंचीही मोजा.

शिवाय जन्मनोंदीत २४७० चे २५०० करू नका. तीस ग्रॅमच्या त्या फेरफाराने बाळ जादा गृहभेटींच्या यादीतून गळतं.