अनुभव धागा : लहानग्यांना घरीच शिकवायला सुरुवात कशी केलीत?

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. जूनमध्ये तिला शाळेत घातलं नाही, निदान वर्षभर घरीच शिकू द्यायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. पहिल्या सोमवारी मी हॉलच्या कोपऱ्यात छोटं टेबल मांडलं, भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावला आणि नऊ ते साडेअकरा असं वेळापत्रक केलं. बुधवारपासून टेबल दिसलं की ती बाल्कनीत पळायला लागली. गुरुवारी म्हणाली, "आई, तू टीचर नको होऊस." त्या रात्री मला झोप लागली नाही.

तक्ता काढून ठेवलाय. आता पुढे काय, हे उमगत नाही. ज्यांनी मुलांना घरी ठेवलं, त्यांचे पहिले दोन-तीन महिने प्रत्यक्षात कसे गेले ते सविस्तर लिहाल का? नोकरी, सासू-सासरे, पैसे, चिडचिड, सगळं चालेल. ज्यांनी मध्येच सोडून दिलं त्यांनीही लिहा.

मखमलाबाद, मुलगा आता आठ वर्षांचा

ताई, तक्ता काढलात ते बरं केलंत. आमच्याकडेही पहिले दहा दिवस असेच गेले. मग मी दीड महिना काहीच शिकवलं नाही. फक्त एका वहीत रोज दोन ओळी लिहायचे : आज हा कशात रमला, किती वेळ रमला. त्या वहीने माझे डोळे उघडले. ज्या पोराचं पुस्तकात पाच मिनिटं लक्ष लागत नाही असं मी सगळ्यांना सांगत होते, तो मोरीत दोन तांब्यांनी पाणी इकडून तिकडे ओतत पाऊण तास बसत होता!

मग तिथूनच सुरुवात केली. आधी पाणी, मग तांदूळ, मग मापट्याने धान्य मोजणं. वाटाणे सोलून दाण्यांचे ढीग लावायचे. मटकी आणि हरभरे मुद्दाम एकत्र करून निवडायला द्यायचे. (तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर दाणे, चिंचोके खाली सांडलेले राहू देऊ नका. नाकात किंवा घशात जातात.) माझा स्वयंपाक लांबायचा हे खरं, पण वेगळा 'अभ्यासाचा वेळ' काढावा लागला नाही.

आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की कॅलेंडरवर रोज एक टिंब काढायला त्याला सांगितलं. डोळे फुटले, घड दिसायला लागले, मणी धरले, मण्यांत पाणी उतरलं, तसतशी तो प्रत्येक टप्प्याला टिंबांशेजारी चित्रं काढत गेला. छाटणी ते काढणी साधारण चार महिने. तेवढ्यात त्याला आठवडा, महिना, 'अजून किती दिवस' हे समजलं. तोवर मी त्याला एकही अंक लिहायला लावला नव्हता. बागायतदार घरांना एक सांगणं : छाटणीनंतर काड्यांना पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून रसायन लावणं) चालू असताना आणि फवारणीच्या दिवशी मुलाला बागेत अजिबात नेऊ नका. त्या बाबतीत मी त्याच्या रडण्याला कधी बधले नाही.

इंदिरानगर, बाबा

माझी अंबडला शिफ्ट ड्यूटी, पत्नी बँकेत. दिवसभर लेक आजीजवळ. आमच्या आईचा पहिले तीन महिने ठाम विरोध होता. "सगळ्यांची पोरं शाळेत जातात, आपलीच घरात का?" शेजारी विचारायचे तेव्हा तिला उत्तर सुचायचं नाही, तिचा खरा त्रास तो होता. मी तिला नीट बसवून सांगितलं की शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि तो 6 ते 14 वर्षांच्या मुलांना लागू होतो. त्याआधी शाळेत घालायची सक्ती नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण असंच धरलंय. म्हणजे आपण बेकायदा काही करत नाही आणि लेकीचं वर्षही वाया जात नाही. हे कळल्यावर आईच शेजाऱ्यांना समजावून सांगायला लागली.

दुसरी गोष्ट मला उशिरा लक्षात आली. मी आणि पत्नी संध्याकाळी येऊन 'आज काय शिकली?' म्हणून आईची जणू हजेरी घेत होतो. ते बंद केलं. आईला जे येतं तेच शिक्षण, असं ठरवलं. चिंचोक्यांचे खेळ, देवासमोर वाती वळणं, अंगणात ठिपक्यांची रांगोळी, दुपारी झोपताना गोष्ट. लेकीची मराठी आज जी गोड आहे ती आजीची आहे.

पहिलीला प्रवेश घ्यायचा असेल तर जन्मदाखला आणि आधार कार्डावरचं नाव एकसारखं आहे ना, हे आत्ताच पाहून ठेवा. आमच्याकडे स्पेलिंगचा फरक होता, तो निस्तरायला फार हेलपाटे पडले.

नाशिकरोड, निवृत्त बालवाडी शिक्षिका

तीस वर्षं या वयाच्या मुलांत काढली, म्हणून हक्काने लिहिते. साडेतीन वर्षांच्या मुलीच्या हातात रेघांची वही देऊ नका. अक्षर गिरवायला बोटांत आणि मनगटात जो जोर लागतो, तो आधी दुसऱ्या कामांतून यावा लागतो. कणीक मळणं, ओलं फडकं पिळणं, चिमट्याने कपडे वाळत घालणं, बोथट कात्रीने कागद कापणं, मातीचे गोळे करणं. पाटीवर खडूने वाटेल तसं गिरगटू द्या. रेघ सरळ आली नाही म्हणून हात धरून काढून घेऊ नका, मूल त्या क्षणी कामातून मन काढून घेतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी 1945 मध्ये बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं परवडणारी नव्हती. पानं, बिया, शिंपले, माती यांतूनच त्यांनी शिकवलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार त्यांचा. तुमच्याकडे तर अंगण आणि मूल दोन्ही घरातच आहेत, मग टेबल कशाला हवं?

सिडको, दोन मुलांची आई

सोडून दिलेल्यांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहितेय. मोठा चार वर्षांचा, धाकटी तेव्हा पाच महिन्यांची, नवरा फिरतीवर. मी चार महिने मनापासून प्रयत्न केला. झोप पुरी होत नव्हती, मी त्याच्यावर ओरडायला लागले. आणि त्याला पोरं हवी होती. खालच्या मजल्यावरची मुलं शाळेतून यायची वाट बघत तो जिन्यात बसून राहायचा. ते बघवेना. दिवाळीनंतर त्याला जवळच्या बालवाडीत घातलं, तीन तासांसाठी. पहिल्या दिवशी मागे वळूनही पाहिलं नाही त्याने. मला वाईट वाटलं, पण तो खूश होता. घरी शिकवायचं असेल तर रोज खेळायला निदान दोन-तीन मुलं मिळतील आणि आईला दिवसात तासभर कुणीतरी सोडवेल, एवढं आधी बघा.

गंगापूर रोड

आठवड्यातून एक सकाळ घराबाहेर, हा आमचा एकच पक्का नियम. कधी पांडवलेणीच्या पायऱ्या मोजत चढायचं (वीसपर्यंत येतं, मग पुन्हा एकपासून), कधी गोदाघाटाच्या बाजारात भाज्यांची नावं. डिसेंबरात नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जा. रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा. दुर्बीण नसली तरी चालतं, आमची चार वर्षांची मुलगी नुसत्या चालण्यावरून बगळा ओळखते.

पाथर्डी फाटा (धागा काढणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. टेबल गच्चीवर नेऊन त्यावर कुंड्या ठेवल्या. वही सुरू केली. सहा दिवसांच्या नोंदींत 'रमली' असं चार वेळा एकाच गोष्टीपुढे आलंय : पिठाच्या डब्यात चाळणी. मखमलाबादच्या ताई, पीठ सांडतं त्याचं काय करता?

मखमलाबाद

खाली जुनी चादर अंथरा आणि हातात छोटा केरसुणीचा तुकडा द्या. झाडणं हाही तिच्या खेळाचाच भाग होतो. पहिले पंधरा दिवस झाडलेलं तुम्हाला पुन्हा झाडावं लागेल, पण तिच्यासमोर झाडू नका.

सातपूर

मध्येच विचारते, राग मानू नका. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. सुटे आठ-दहा शब्द बोलतो, 'पाणी दे' असे दोन जोडत नाही. शाळेत घातल्यावर बोलेल असं सगळे म्हणतात. मी घरी शिकवलं तर नुकसान होईल का?

नाशिकरोड, निवृत्त बालवाडी शिक्षिका

बाळा, शाळा की घर हा प्रश्न आत्ता बाजूला ठेव. दोन वर्षांच्या आसपास मुलं दोन शब्द जोडू लागतात. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखव आणि कान तपासून घ्यायला सांग. ऐकू कमी येत असेल तर ते बाहेरून कळत नाही, मूल हातवाऱ्यांवरून सगळं समजून घेतं. वाट बघत बसलेल्या आया मी पाहिल्या आहेत, म्हणून इतक्या घाईने सांगते. काय झालं ते इथे लिही.

सातपूर

शुक्रवारची वेळ घेतली आहे.