कथकळीतला रावण आणि युंगची 'सावली' : मेळ बसतो का?

नेपथ्यराग : नृत्यनाट्याच्या कार्यशाळांत एक सूत्र सर्रास ऐकू येतं. पुराणातला खलनायक म्हणजे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची 'सावली', आपण स्वतःत मान्य न केलेला भाग. म्हणून रावण करायचा तर आत दडलेला राग शोधा. कथकळीला हे अजिबात लागू पडत नाही असं माझं ठाम मत आहे.

रावणासारख्या थोर पण उद्धट खलनायकांच्या 'कत्ती' वेषाची रंगभूषाच पाहा. हरताळ आणि नीळ खोबरेलात खलून केलेला जो हिरवा रंग नळासारख्या 'पच्च', म्हणजे सात्त्विक, नायकांना लावतात, तोच रावणाला. त्यावर नाकाशेजारून गालावर चढणारा लाल पट्टा, त्याला पांढरी किनार, नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर पांढरे गोळे. थोरवी आणि उन्माद एकाच चेहऱ्यावर, उघड्यावर. पच्च पात्र तोंडातून आवाज काढत नाही, कत्ती गर्जतो. यात दडलेलं काय आहे?

आदिबंध_७ : वर्णन बरोबर, निष्कर्ष चुकीचा. सावली नटाची नव्हे, बघणाऱ्याची. तिरनोट्टम्, म्हणजे पडद्याआडून होणारं पात्राचं पहिलं दर्शन, आठवा. दोघांनी धरलेला पडदा, त्याच्या कडेवर डाव्या हाताची लांब नखं, मग डोळे, मग पडदा हळूहळू खाली. भीती आणि ओढ एकदमच वाटते. 'रावणोद्भवम्' या कथकळी नाटकातलं तपसाट्टम्, म्हणजे रावणाच्या तपाचा प्रसंग, तर पुरावाच आहे. डोक्यावरून कुबेराचं विमान जातं, आईचा अश्रू मांडीवरच्या मुलावर पडतो, आणि त्या अपमानातून तप उभं राहतं. नऊ शिरं अग्नीत जातात, दहाव्यावर तलवार उगारली की ब्रह्मदेव येतो. हे पाहून रावण परका वाटत नाही. प्रेक्षक स्वतःचाच डिवचलेला अभिमान ओळखतो.

नेपथ्यराग : तपसाट्टम्‌मध्ये एकच नट रावण असतो, क्षणात त्याची आई कैकसी होतो, पुन्हा रावण होतो, याला पकर्न्नाट्टम् म्हणतात. स्वतःच्या रागात बुडालेल्याला आई होताच येणार नाही. डोळ्यांची लालीसुद्धा रागातून येत नाही. चुंडा या वांग्याच्या कुळातल्या झाडाच्या फुलातला बारीक कण प्रयोगाआधी पापणीखाली ठेवतात.

पदन्यास : सरावातलं सांगतो. 'राग आठवा' म्हटलं की नवशिक्यांचे खांदे कानांकडे चढतात, जबडा आवळतो, श्वास छातीत अडकतो. भुवया आणि खालच्या पापण्या सुट्या हलेनाशा होतात आणि रौद्र म्हणून नुसते वटारलेले डोळे उरतात. क्रम असा ठेवा: आधी बैठक, गुडघे बाहेर, भार पावलांच्या बाहेरच्या कडांवर. श्वास नाभीपाशी. मान स्थिर ठेवून फक्त बुबुळं फिरवा. मग खालची पापणी ताणा, शेवटी भुवया. चेंडा या ढोलाची लय चढेल, श्वासाने तिच्यामागे धावायचं नाही. इथे बहुतेकांची गडबड होते. एवढं जमल्यावर भाव येतो. त्याला सावली म्हणा वा न म्हणा.

आदिबंध_७ : सरावाबद्दल वाद नाही. पण अमेरिकी नृत्यकार मार्था ग्रॅहमने 1946 मध्ये ग्रीक पुराणातल्या मत्सरी मेडिआवर केलेली नृत्यरचना 'केव्ह ऑफ द हार्ट' बघा. पोटाच्या आकुंचनातून उसळणारी हालचाल, छातीतून ओढून काढलेली लाल फीत, शेवटी शिल्पकार नोगुचीने घडवलेल्या पितळी तारांच्या पोशाखात शिरणं. तिथे मत्सर शब्दशः शरीरातून बाहेर पडतो. आपल्याकडे 'नळचरितम्' या कथकळी नाटकात कली, म्हणजे कलियुगाचा दुष्ट अधिपती, नळात शिरतो. चेहरा हिरवाच राहतो, तरी तो दमयंतीला रानात टाकून जातो. ही सावली नाही तर काय?

नेपथ्यराग : ग्रॅहमबद्दल मान्य, युंगचा विचार तिच्यापर्यंत पोचलेला होता. नळाबद्दल नाही. महाभारतात कली बारा वर्षं टपून बसतो आणि लघुशंकेनंतर पाय न धुण्याच्या चुकीतून आत शिरतो. तो नळाचा दडपलेला भाग नव्हे, बाहेरचा शत्रू आहे. पुढे कर्कोटक नागाच्या विषाने पोळून निघून जातो, तेव्हा त्याला वेगळा नट, वेगळा वेष असतो. सावलीला आपलंसं करायला युंग सांगतो. इथे नळ तिला हाकलतो आणि बरा होतो. शिकवताना हा फरक पुसला, तर नळ करणारा नट कलीचाच अभिनय करू लागतो, आणि दमयंतीजवळून उठताना पुन्हापुन्हा मागे वळणारा नळ हातचा जातो.