एस्टेट सेलवाल्या कंपन्या: भाव लावणाऱ्यानेच माल उचलायचा, हे चालतं कसं?

कोकणकन्या_एनजे

नवऱ्याचे मामा-मामी १९७१ पासून न्यू जर्सीत. मामी गेल्या, मामा मुलाकडे टेक्सासला गेले, घर विकायचं ठरलं आणि आत पन्नास वर्षांचा संसार. दोन्ही मुलं लांब, म्हणून सामानाचं सगळं माझ्या गळ्यात. आपल्यातली जी पिढी १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इकडे आली ती आता ऐंशीच्या घरात आहे, तेव्हा हे आज ना उद्या बऱ्याच जणांवर येणार आहे म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एस्टेट सेल म्हणजे कंपनी येते, घरातलं सगळं लावते, प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी चिकटवते आणि शुक्रवार ते रविवार घर उघडं टाकते. लोक बेडरूमपर्यंत फिरून घेतात. साधारण दुसऱ्या दिवशी पाव किंमत कमी, शेवटच्या दिवशी निम्मी. कंपनीचं कमिशन बहुतेक ठिकाणी ३५ ते ४० टक्के, काही जण ५० पण घेतात. आमचं ३८ ठरलं.

सेल शुक्रवारी सकाळी ९ ला. बुधवारी संध्याकाळी शेजारणीला कंपनीची माणसं ड्राइव्हवेत व्हॅन भरताना दिसली. विचारलं तर म्हणे कचरा नेतोय. नंतर हिशोबाचा कागद आला त्यात एक ओळ: 'ब्रास, मिसलेनियस, एक लॉट, ४५ डॉलर'. त्या लॉटमध्ये होतं तांब्याचं मोठं घंगाळ (तांब्याला ब्रास म्हणणारे हे एक्स्पर्ट!), दोन समया आणि एक ताम्हन. महिन्याभराने मैत्रिणीने इन्स्टाग्रामवरच्या एका दुकानाचा फोटो पाठवला, 'व्हिंटेज इंडियन कॉपर प्लँटर', आत फर्न लावलेलं, किंमत २४० डॉलर. फोटो मोठा करून बघितला तर काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं मामींच्या माहेरचं आडनाव आणि लग्नाची तारीख. दुकान कुणाचं, तर कंपनीच्या मालकाच्या बायकोचं.

आता हिशोब बघा. घंगाळ २४० ला माझ्यासाठी विकलं असतं तर त्यांना कमिशन मिळालं असतं ९१ डॉलर. तेच स्वतः ४५ ला उचललं, त्या ४५ मधून पण १७ त्यांनाच परत, म्हणजे २८ ला पडलं आणि २४० ला विकलं की २१२ खिशात. समया आणि ताम्हन वर फुकट. कमिशनची पद्धत या विश्वासावर चालते की भाव जास्त मिळाला तर दोघांचाही फायदा. भाव लावणाराच घेणारा झाला की त्याचा फायदा भाव पाडण्यात. कुंपणच शेत खातंय. अंगठी खिशात टाकणारा नोकर कधीतरी पकडला तरी जातो, इथे तर पावतीसकट चोरी आहे. माझं म्हणणं एवढंच, कंपनीचा मालक, कर्मचारी, त्यांचे नातेवाईक, कुणीही त्या सेलमधून काहीही घेता कामा नये. शेवटच्या दिवशी अर्ध्या किमतीत सुद्धा नाही.

बेरकी_बोका

हे घ्या, आता धंद्याला पण चोरी म्हणायचं. मी शिकागोत हाच साइड बिझनेस करतो, पहाटे ५ ला थंडीत उभं राहून नंबर घेतो, आत शिरतो, घेतो, घरी आणून साफ करतो, फोटो काढतो, लिस्ट करतो आणि मग कधी कधी सहा महिने गिऱ्हाईक मिळत नाही. २४० ही नुसती चिठ्ठी आहे, विकलं गेलं का ते सांगा आधी. तुमच्या मामांच्या दिवाणखान्यात शनिवारी आलेल्या कुठल्या गोऱ्या आजीने घंगाळाला २४० दिले असते? तिला ते काय आहे हेच माहीत नाही.

आणि स्वस्तात जाणं म्हणजे फसवणूक नव्हे. न्यूयॉर्क राज्यात २००७ मध्ये एका घरगुती सेलमध्ये चिनी वाडगा ३ डॉलरला गेला, तो हजार वर्षांपूर्वीचा निघाला आणि २०१३ मध्ये सदबीज या लिलाव कंपनीत २२ लाख डॉलरला विकला गेला. ३ ला देणाऱ्याला कुणी लुबाडलं का? त्याला माहीत नव्हतं, घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं, नशीब म्हणायचं.

कोकणकन्या_एनजे

बोकोबा, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो वाडगा घेणारा तिऱ्हाईत होता, विकणाऱ्याने त्याला भाव काढायला पैसे देऊन बोलावलं नव्हतं. मी ३८ टक्के दिले ते कशाचे? भाव माहीत असण्याचेच ना? माहीत नव्हता म्हणता, मग महिन्यात २४० कसा माहीत झाला? तुम्ही रांगेत उभं राहून घंगाळ ४५ ला नेलं असतं तर मी हा धागाच काढला नसता, उलट म्हटलं असतं फर्न तरी लावू नका.

सदूअण्णा_डॅलस

मी रिटायर झाल्यावर तीन-चार वर्षं अशाच एका कंपनीत काउंटरवर बसायचो, वेळ जायला. त्यामुळे दुसरी बाजू सांगतो, रागावू नका.

लोकांना सेलचे तीन दिवस दिसतात, त्याआधीचे दोन-तीन आठवडे दिसत नाहीत. प्रत्येक ड्रॉवर उपसायचा, औषधं वेगळी, कागदपत्रं वेगळी, पुस्तकांच्या पानांत ठेवलेल्या नोटा शोधून घरच्यांना द्यायच्या (हो, देतो आम्ही), गॅरेजमधले रंगाचे वाळलेले डबे, उंदरांनी खाल्लेली खोकी. आणि घरच्यांच्या अपेक्षा विचारू नका. आईने डायनिंग सेटला तीन हजार दिले होते, तुम्ही १५० लावताय? अहो, ते गडद रंगाचं भरभक्कम फर्निचर आता कुणी घेत नाही. बारा माणसांचा चायना सेट नाही, भिंतीवरच्या कलेक्टर प्लेट्स नाहीत, त्या हुमेलच्या चिनीमातीच्या बाहुल्या एके काळी शंभर-दोनशेला जायच्या त्या आता पाच-दहाला पण बसून राहतात. पियानो फुकट म्हटलं तरी कुणी नेत नाही, उलट उचलायला माणसं आणून पैसे द्यावे लागतात. इन्शुरन्स, जाहिरात, पाच माणसांचा पगार, सगळं त्या ३८ मधून.

चोऱ्यांचं म्हणाल तर गिऱ्हाईक काय कमी आहे का. चिठ्ठ्या अदलाबदल करतात, ४० ची काढून ४ ची लावतात, प्रेशर कुकर विकत घेतात आणि आत चांदीचे चमचे भरून नेतात. झाकण उघडून बघायला मी शिकलो ते याच्यामुळे. आणि घरचे? करार झाल्यावर, फोटो टाकून झाल्यावर, आदल्या रात्री जावई येतो आणि चांगल्या चार वस्तू गाडीत घालून नेतो. लोक त्या फोटोसाठी पन्नास मैल गाडी मारून येतात, शिव्या आम्हाला.

आमचे मालक काही वस्तू घ्यायचे, शेवटच्या दिवशी, उरलेल्यातल्या. करारात तसं कलम असायचं. तळं राखील तो पाणी चाखील, एवढं जगात सगळीकडे आहे.

कोकणकन्या_एनजे

अण्णा, चाखलं असतं तर बोलले नसते, इथे बुधवारीच पंप लावलाय. जावयाचं मात्र खरं आहे, आमच्याकडे नणंदेने मिक्सर नेला :)

कायद्याचं_बोला

थोडं कोरडं लिहितो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत केस कापायला लायसन्स लागतं पण मेलेल्या माणसाच्या घराची किल्ली घेऊन तिथलं सगळं विकायला वेगळं असं लायसन्स नाही. बऱ्याच राज्यांत लिलाव करणाऱ्याला लागतं, अण्णांच्या टेक्सासमध्येही, पण चिठ्ठी लावून विकणं म्हणजे लिलाव नाही, त्यामुळे हे लोक त्यातून सुटतात. सेल्स टॅक्सची नोंदणी केली की झाले एस्टेट सेलवाले. संघटना आहेत, त्यांची आचारसंहिता पण असते, पण सभासद व्हायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर आणि नियम मोडला तर फार तर सभासदत्व जाईल. वेबसाइटवर 'बाँडेड अँड इन्शुअर्ड', म्हणजे नुकसान झालं तर भरपाईची हमी आहे, असं असतं, त्याचं सर्टिफिकेट मागा, किती जण पाठवतात बघा.

गंमत म्हणजे शेजारच्याच व्यवसायात हा प्रश्न केव्हाच सुटलाय. अप्रेझर, म्हणजे नुसतं मूल्यांकन करणारे, जे यूएसपॅप नावाचे नियम पाळतात, त्यांना त्या वस्तूत स्वतःचा काही हितसंबंध असेल तर तो आधी उघड करावा लागतो. आणि लिलावात व्यापारी आपसात ठरवून भाव पाडायचे, मग बाहेर जाऊन आपसात दुसरा लिलाव करायचे, त्यासाठी १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात अँटिकवाल्यांवर थेट शर्मन अँटिट्रस्ट कायद्याखाली, म्हणजे संगनमताने स्पर्धा मारण्याविरुद्धच्या कायद्याखाली, खटले झाले. एस्टेट सेलमध्ये एकच माणूस दोन्ही बाजूंना उभा, त्याला कटकारस्थान करायला दुसरा लागतच नाही.

कोकणकन्या, तुमच्या करारात कर्मचारी खरेदीचं कलम आहे का ते आधी बघा. नसेल तर न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा २०२२ पासून ५००० डॉलर आहे, वकील लागत नाही. आणि हे सगळ्यांसाठी, एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, जो असेल त्याला बाकी वारसांना जाब द्यावा लागतो, त्यामुळे 'कंपनीनेच तसं केलं' म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

पुणेकर_अजूनही

यापेक्षा आमची बोहारीण बरी. जुनी पैठणी घेऊन स्टीलचा डबा द्यायची पण तोंडावर घासाघीस करून, आणि आई पण दोन वाट्या जास्त उकळायची. वाडे पाडताना दारं, खांब, हंडे जुन्या बाजारात कसे गेले ते पण बघितलंय, तिथेही घरच्यांना भंगाराचा भाव मिळाला. फक्त भंगारवाल्याने स्वतःला 'तुमचा प्रतिनिधी' म्हटलं नव्हतं. बाकी चालू द्या.

रेवा_बे_एरिया

मला वाटतं कोकणकन्या फक्त एकाच गोष्टीवर अडकलीय, याहून मोठे झोल आहेत. आमच्या सासूबाईंची चांदीची ताटं-वाट्या कंपनीने सिल्व्हरप्लेट, म्हणजे नुसता चांदीचा मुलामा, म्हणून लावली. कारण काय, तर मागे ९२५ किंवा स्टर्लिंगचा शिक्का नाही. अहो, आपल्याकडे सराफाने बनवून दिलेल्या जुन्या चांदीवर शिक्का नसतोच बऱ्याचदा! वजन करून, ॲसिड टेस्ट करून बघायची, पाच मिनिटांचं काम. माझ्या लक्षात आलं म्हणून वाचलं. आता हे अज्ञान होतं की शहाणपण ते देव जाणे.

दुसरं म्हणजे बाहेरचा माल आणणं. जाहिरात करायची 'एका डॉक्टर दांपत्याचं घर' आणि आधीच्या सेलमध्ये उरलेले दिवे, गालिचे इथे आणून लावायचे. गिऱ्हाईक तर फसतंच, पण काउंटरवर एकाच गल्ल्यात सगळे पैसे, त्यातले तुमचे कुठले आणि त्यांचे कुठले हे तुम्ही तपासणार कसं? कॅशच्या विक्रीची तर नोंदच नसते कित्येकदा. शिवाय उरलेलं सामान डोनेट केलं म्हणतात, पावती मागितली की पावती कुणाच्या नावावर आहे तेही बघा.

आणि आमच्याकडे हस्तिदंताचा छोटा गणपती होता. कॅलिफोर्नियात २०१६ पासून हस्तिदंत विकायला जवळपास बंदी आहे, म्हणून कंपनीच्या बाई म्हणाल्या आम्ही तो विकू शकत नाही, आम्ही विल्हेवाट लावू. म्हटलं द्या इकडे, मी लावते विल्हेवाट. देव्हाऱ्यात आहे आता.

बेरकी_बोका

रेवा, गल्ल्याचं बरोबर आहे, ते मीही मानतो. ज्या कंपन्या आदल्या दिवशी व्यापाऱ्यांना मागच्या दाराने घेतात त्यांच्यावर आमचाही राग आहे, आम्ही पहाटेपासून उभे आणि आत गेल्यावर कपाटात नुसते हँगर. पण तुम्ही सगळे एक विसरताय, मालकाने काही घ्यायचंच नाही म्हटलं तर उरलेलं जे आहे ते कचऱ्याच्या डंपस्टरमध्ये जाणार आणि डंपस्टरचं बिल तुमच्याच हिशोबात लागणार. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ४ ला मालकाने २० डॉलर देऊन ते उचललं तर तुमचं काय बिघडलं?

कोकणकन्या_एनजे

बिघडतं ते असं की शेवटच्या दिवशी काय उरणार हे पण तोच ठरवतो. वस्तूला अव्वाच्या सव्वा भाव लावायचा, कोपऱ्यात टेबलाखाली ठेवायची, फोटोत घ्यायचीच नाही, मग रविवारी ४ ला ती आपोआप उरते. आमच्या सेलच्या जाहिरातीत दीडशेच्या वर फोटो होते, टपरवेअरचे पण होते, घंगाळाचा एकही नाही. हा योगायोग का?

करार काढून बघितला. कलम आहे. सातव्या पानावर, 'कंपनी व तिचे सहयोगी विक्रीतील वस्तू खरेदी करू शकतील'. कधी, किती किमतीला, काही नाही. मामांनी सही केलीय, वय ८३. म्हणजे कोर्टात काय होईल ते दिसतंय.

कायद्याचं_बोला

तसं लगेच सोडू नका, एजंटने स्वतःच खरेदी करताना सगळं उघड सांगायला हवं, असं मोघम कलम पुरेसं नाही असा युक्तिवाद होऊ शकतो. आणि सेल सुरू व्हायच्या आधीच नेलेली वस्तू ही 'विक्रीतील' कशी, हाही मुद्दा आहेच. शेजारीण लिहून देईल का?

कोकणकन्या_एनजे

देईल. तिने व्हॅनचा फोटो पण काढलाय, तिच्या गवतावर चाक गेलं म्हणून.

सदूअण्णा_डॅलस

बुधवारचं मला पण पटत नाहीये, आमच्याकडे दार उघडायच्या आधी काही हललं तर मालक ओरडायचे. पण ते कलम सरसकट काढा म्हणाल तर धंदा परवडणार नाही कुणाला, कमिशन ४५ वर जाईल.

कोकणकन्या_एनजे

जाऊ दे की ४५ वर. ४५ घ्या, उघड घ्या आणि कलम खोडा. तुमच्या जुन्या मालकांना विचारून बघा ना अण्णा, चालेल का त्यांना.

सदूअण्णा_डॅलस

विचारतो रविवारी. नाही म्हणतील असं वाटतंय.