तेरा वर्षांच्या पोरींनी बर्फावर चार गिरक्या मारायच्या का?

जागल्या (दारव्हा तालुका):
सोयाबीन शेंगांत आलं की रानडुकरं न् रोही सुटतात, म्हणून सध्या रात्रभर मचाणावर जागल. डोळा लागू नये म्हणून मोबाइल. परवा यूट्यूबवर फिगर स्केटिंगची ज्युनियर ग्रां प्री लागली होती. १३ ते १८ वर्षांची पोरं, देशोदेशीची. त्यातली एक आमच्या आठवीतल्या धाकटीएवढी. तिसऱ्या उडीला आपटली. उठली, पुढची गिरकी संगीताच्या ठेक्यावरच घेतली. मग गुणांची वाट बघत बाकावर बसली तेव्हा बाहीनं नाक पुसत होती, आणि शेजारचा प्रशिक्षक तिच्याकडं ढुंकूनही न बघता पडद्यावरचे आकडे बघत होता. ते काही डोळ्यांपुढून जाईना.

बीजिंग ऑलिंपिकनंतर, जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं सीनियरसाठीचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्यानं १७ केलं. बरं केलं. पण ओझं उतरलं नाही, ज्युनियरवर सरकलं. हवेतल्या चार गिरक्यांच्या उडीला तीनच्या दुपटीच्या आसपास गुण, पडली तरी फायदाच. मग हलकं अंग बघून मास्तर तेच घोकून घेणार. स्पर्धेत प्रत्येकीचे दोन कार्यक्रम, एक छोटा न् एक लांब; छोट्या कार्यक्रमात ज्युनियरना ही उडी चालत नाही, तशी लांब कार्यक्रमातही बंद करा.

मल्लखांबवाली (अमरावती जिल्हा):
दादा, हिशेब चुकला. टो लूप म्हणून उडीचा एक प्रकार आहे; चार गिरक्यांचा टो लूप ९.५ गुणांचा. पडल्यावर परीक्षकांनी पूर्ण कात्री लावली तर निम्मे जातात, वर पडल्याचा एक. उरले ३.७५. तीन गिरक्यांचा साधा, नीट उतरलेला टो लूप ४.२. म्हणजे पडणारीला फायदा नाही, तोटाच आहे.

आणि बंदी कशाला? मी गावात पोरांना मल्लखांब शिकवते. दसरंग हा खांबावरचा प्रकार आठव्या-नवव्या वर्षी बसतो, सोळाव्या वर्षी खांबाला हात लावणाऱ्याचं अंग ऐकत नाही. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिकं दाखवून आलं, तेही काय विशीत शिकायला बसले होते का?

पऱ्हाटी:
राजेहो, इथं बर्फ पायजे तं रसवंतीवाल्याकडे जा लागते, न् तुमी बर्फावरच्या पोरीची काळजी करून रायले! तेरा वर्षाची पोरगी आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत कापूस येचाले जाते. कमरेले ओटी बांधून दिवसभर वाकलेली. तिच्या पाठीचे गुण कोन मोजते? त्या बर्फावरच्या पोरीसाठी निदान नियम तरी हाये बावा.

वणीकर, सध्या पुणे:
मला तर १७ चा नियमच खटकतो. जपानची माओ शिमादा २०२३, २०२४, २०२५, सलग तीन वर्षं ज्युनियर विश्वविजेती. जन्म ऑक्टोबर २००८ चा. हंगामाआधीच्या १ जुलैला वय पूर्ण हवं, असा हिशेब लावला आणि २०२६ च्या मिलानच्या ऑलिंपिकला पोरगी चार महिन्यांनी हुकली. हे संरक्षण म्हणायचं? बीजिंगला गाजलेलं प्रकरण रशियाच्या स्केटर कामिला वालियेवाचं. पंधरा वर्षांची होती खरी, पण तिच्या नमुन्यात सापडलं ते हृदयविकाराचं औषध. क्रीडा लवादानं २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी ठोठावली तीही तिलाच. भोवतालच्या मोठ्या माणसांना आवरायचं सोडून वाढवलं काय, तर पोरींचं वय.

जागल्या:
ताई, हिशेब मान्य, माझंच चुकलं. वणीकर, शिमादाचं ऐकून वाईट वाटलं, पण नियम म्हटला की कुणीतरी रेघेच्या पलीकडं राहणारच; शाळेच्या प्रवेशालाही तेच होतं. पऱ्हाटी भाऊ, तुमच्यापुढं बोलायला तोंड नाही, आमच्या शेतातही त्या वयाच्या पोरी वेचायला येतात. पण बाकावरचा तो माणूस मला पटत नाही म्हणजे नाही.

मल्लखांबवाली:
तो माणूस मीही असेन कधीतरी. मागं एका पोरीचं मनगट सुजलेलं दिसत होतं, जिल्ह्याची स्पर्धा चार दिवसांवर, मी हळद लावून परत खांबावर चढवली. तिची आईच येऊन घेऊन गेली. बंदीला माझा विरोध आहेच, पण हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

पऱ्हाटी:
जागले, तुमच्या धाकटीले दाखवलं का ते?

जागल्या:
दाखवलं सकाळी, चुलीपाशी. पडली त्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणे बाबा, ते बूट केवढ्याला येतात?