पुस्तकावरून फ्रेमवर्क शिकलात? अनुभव लिहा

व्हिडिओ नाही, क्लास नाही. मांडीवर पुस्तक आणि समोर टर्मिनल, असे जे कोणी वेब फ्रेमवर्क (वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा) शिकले असतील त्यांनी इथे लिहा. कुठे अडलात, कसे सुटलात, पुस्तक पुरं केलंत की निम्म्यात टाकलंत, सगळं चालेल. सुरुवात मीच करतो.

मी पुस्तक घेतलं जँगोचं (पायथन भाषेतलं फ्रेमवर्क) जुनं आणि जँगो इन्स्टॉल केलं नवं, ४.०. सुरुवातीच्याच प्रकरणात आपटलो. पुस्तक म्हणे, साइटच्या पानांचे पत्ते लिहायला 'यूआरएल' हे फंक्शन इम्पोर्ट करा. ते इम्पोर्टच होईना. तीन संध्याकाळी स्वतःचं स्पेलिंग तपासत बसलो. २०१७ मध्ये २.० बरोबर त्याच कामाचं नवं फंक्शन 'पाथ' आलं आणि २०२१ च्या शेवटी ४.० मधून हे जुनं फंक्शन काढूनच टाकलं, हे फार उशिरा कळलं. मग पुस्तकातलीच आवृत्ती टाकायला गेलो, तर ती नव्या पायथनवर धड चालेना. तिच्यासाठी पायथनही जुनं आणावं लागलं! आता कुठलंही पुस्तक घेतलं की आधी आवृत्तीचं पान बघतो.

*

माझी गोष्ट उलटी आहे. आवृत्ती जुळली नाही म्हणूनच मी शिकले. पुस्तक रेल्स (रूबी भाषेतलं फ्रेमवर्क) ३.२ चं, मशीनवर रेल्स ४. फॉर्ममधून आलेल्यापैकी कुठली फील्डं स्वीकारायची, ती यादी पुस्तकात मॉडेलमध्ये (डेटाची रचना सांगणारा कोड) होती. २०१३ च्या रेल्स ४ ने ती कंट्रोलरमध्ये (आलेली रिक्वेस्ट हाताळणारा कोड) नेली. का नेली हे शोधत गेले, तर २०१२ चा किस्सा सापडला: याच फटीतून एकाने गिटहबवर (कोड ठेवायची साइट) रेल्सच्याच रिपॉझिटरीला, म्हणजे कोडच्या साठ्याला, आपली प्रवेशाची की जोडून दाखवली होती. फॉर्ममध्ये नसलेलं फील्डही कोणी पाठवू शकतं, हे तेव्हा डोक्यात बसलं. नुसता चालणारा कोड उतरवून काढला असता, तर ते वाक्य वाचून पुढे गेले असते.

*

ई-बुकमधून कोड कॉपी करणाऱ्यांनो, अवतरणचिन्हं बघा. छपाईची वळणदार चिन्हं पायथनला चालत नाहीत. आणि पान उलटताना इंडेंटेशन हरवतं ते वेगळंच. मी शेवटी सगळं हाताने टाइप करायला लागलो.

*

हाताने टाइप करून पुस्तक शेवटपर्यंत नेलेला मी एक. सगळी प्रकरणं, सगळे सराव. मग रिकामी फाइल उघडली आणि एक ओळ सुचेना. पुस्तकाने ब्लॉग बांधून घेतला होता, म्हणजे निर्णय सगळे लेखकाचे, माझी फक्त बोटं.

पुन्हा पहिल्या प्रकरणापासून बसलो, पण या वेळी ब्लॉगऐवजी ग्रंथालयाची देवघेव करायची ठरवली. पुस्तक आणि सभासद यांच्यात 'मेनी टू मेनी' (दोन्ही बाजूंनी एकाला अनेक) नातं टाकलं आणि खूश झालो. पण पुस्तक नेलं कधी, परत आलं कधी, या तारखा ठेवायच्या कुठे? त्या ना पुस्तकाच्या, ना सभासदाच्या. देवघेव हेच स्वतंत्र मॉडेल हवं, हे उमगायला चार दिवस गेले. ब्लॉगमध्ये असा प्रश्नच आला नव्हता.

पुढे यादीचं पान रांगू लागलं. २०० नोंदी होत्या. डीबग टूलबार लावून पाहिलं तर डेटाबेसला ४०१ विचारणा, म्हणजे क्वेरी! एक यादीची, आणि प्रत्येक नोंदीमागे एक पुस्तकाची, एक सभासदाची. जोडलेल्या नोंदी सोबतच आणणारं 'सिलेक्ट रिलेटेड' लावल्यावर एकाच क्वेरीत काम झालं. माझ्या पुस्तकात त्यावर अर्धं पान होतं आणि ते मी दोनदा वाचलंही होतं.

*

मी पुस्तकवाला नाही, तरी लिहितो. रिअ‍ॅक्टचं (ब्राउझरमध्ये दिसणारा भाग, म्हणजे फ्रंटएंड, बांधायची लायब्ररी) पुस्तक घेतलं, क्लास कंपोनंट (पानाचे तुकडे लिहायची जुनी पद्धत) घोटून पाठ केले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये १६.८ बरोबर क्लासशिवाय तेच काम करणारे हुक्स आले. फ्रंटएंडला पुस्तक म्हणजे शिळी कढी, असं माझं मत झालं. एवढं कबूल करतो, की नोकरीत पहिल्या दिवशी जो कोड पुढ्यात आला तो सगळा क्लास कंपोनंटचा होता आणि टीममध्ये तो घडाघडा वाचणारा मी एकटाच निघालो.

*

वय ५३. इंग्रजी पुस्तक, समासात मराठी टिपणं. 'मिडलवेअर'पुढे (रिक्वेस्ट आणि आपला कोड यांच्या मधले थर) मी लिहिलंय: 'रिक्वेस्ट आत येताना वरून खाली, रिस्पॉन्स बाहेर जाताना खालून वर.' पुस्तकात यावर सहा पानं आहेत. माझा पहिला फॉर्म ४०३ (मनाईचा एरर) देत राहिला, कारण टेम्प्लेटमध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) घालायचं राहिलं होतं. पुस्तकात ती ओळ होती, मला ती शोभेची वाटली म्हणून वगळली. सध्या सातव्या प्रकरणात आहे. टेस्ट लिहिण्याचं आठवं प्रकरण सोडून पुढे गेलं तर चालतं का? कोणी गेलंय?

*

गेलो होतो. नवव्यावरून परत यावं लागलं.